फॉल्ट

तक्रार येते तिथे फॉल्ट नसतो,
हे एकोणतीस वर्षांत मला केबलने शिकवलं.
ऐरोली सेक्टर पाचच्या बाई ओरडायच्या, फोन मेलाय,
आणि मी दिवा कोळीवाड्याच्या वळणावर
मॅनहोलमध्ये, कमरेएवढ्या खारट पाण्यात
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा
एकेक जोडी कानाला लावत उभा असायचो.

शालनची तक्रार डोळ्यांची होती.
थायरॉइडच्या गोळ्या सुरू होऊन वर्ष झालं
आणि डोळे पुढे यायला लागले,
आतून कुणी दार ढकलावं तसे.
पापणी वर गेली ती खाली यायचं नाव घेईना.
सोसायटीच्या मीटिंगला ती गप्प बसली होती,
तरी खजिनदार म्हणाला,
वहिनी, एवढं रागावून काय बघता?
घरी येऊन तिने आरशावर टॉवेल टाकला आणि झोपली.
झोपली म्हणजे पडली. मिटत कुठे होतं काही.
रात्री जेल मी घालतो, वर कागदी पट्टी.

मग एकाचे दोन दिसायला लागले.
चहा ओतला, तो नसलेल्या कपात.
ओटा पुसता पुसता म्हणाली,
बरं झालं, तुम्ही पण दोन आहात,
एकाला दळण आणायला पाठवते.
ती हसली नाही.
मीही नाही.

नेरूळच्या डॉक्टर पेडणेकर, वयाने आमच्या पुतणीएवढ्या,
म्हणाल्या, अशा पेशंटच्या मेंदूचा अभ्यास चालू आहे, याल का?
पैसे नाहीत, रिक्षाभाडं देऊ.
नळीत सरकवताना शालनला सांगितलं,
हलू नका, कसलाच विचार करू नका.
बाहेर आल्यावर बांगड्या चढवत ती मला म्हणते,
विचार न करता कसं राहायचं हो?
मला मटकी दिसत होती, भिजत घातलेली.
आणि ऐका,
आत पातेलं एकच होतं.

पडद्यावर रंगीत रेघा.
डोकं म्हणजे एक्स्चेंजच की, मी मनात म्हटलं.
डॉक्टर बोट फिरवत सांगत होत्या:
दिसणं उतरतं ते इथे, मागच्या बाजूला.
इथून पूर्वीसारखं बोलणं होत नाहीये.
ही रेघ फिकी,
आणि ही, भीती-उदासीकडे जाणारी, जरा जास्तच ठळक.
पण एका माणसावरून काही म्हणता येत नाही.
आधी डोळा बिघडला की आधी हे,
तेही अजून ठाऊक नाही, काका.

मला ठाऊक होतं याला काय म्हणतात.
जुन्या केबलचा कागद ओलावला
की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात सांडतं.
एकदा कुणाच्या तरी पोराचा बारावीचा निकाल
मी खड्ड्यात उभं राहून ऐकला होता,
आणि परका असून रडलो होतो.
तर खजिनदाराचं नुसतं तोंड दिसलं
आणि हिला रडू फुटलं,
त्यात हिची काय चूक.

मी विचारलं, जॉइंट कुठे उघडायचा?
डॉक्टर हसल्या. उघडायचं काही नाही.
सूज उतरू दे, औषध चालू दे, सिगरेट असेल तर बंद.
मी खिशातलं पाकीट चाचपलं.
ती ओढत नाही. घरात ओढतो तो मी.

तेव्हापासून खाली, मीटर बॉक्सपाशीसुद्धा नाही.

परवा बाजारातून आलो तर दारात अडवून म्हणाली,
थांबा. खरे तुम्ही यातले कुठले?
म्हटलं, ज्याच्या हातात कोथिंबीर आहे तो.
दोघांच्याही आहे,
म्हणाली, आणि डावा डोळा तळहाताने झाकून
माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ,
पिशवीची बंदं बोटांत रुतेपर्यंत.

मी उगाच, सवयीने,
म्हणालो, हॅलो.